मंदी आली की जुन्या फोनोग्राफच्या मेळ्यातून आधी कोण उठतो?

मंदीची चर्चा निघाली की आपल्याकडे सूत, पितळ, चामडे, फर्निचर यांची नावे आधी घेतली जातात. ते बरोबरच आहे, कारण आपल्या हजारो माणसांचे पोट त्यावर चालते. परंतु मंदीचा स्वभाव ओळखायचा असेल तर कधी कधी अशा धंद्याकडे पाहावे, की ज्याच्या मालावाचून कोणाचेच अडत नाही. पीठ, औषध, अंगावरचे कापड हे घ्यावेच लागते. शंभर वर्षांपूर्वीचा, चावी देऊन वाजणारा फोनोग्राफ घेतला नाही म्हणून कोणाची चूल विझत नाही. त्यामुळे खिसा आवळला गेला की पहिला वार अशा शौकाच्या मालावर होतो. तो कसा होतो आणि कोणावर आधी होतो, हे अमेरिकेत भरणाऱ्या जुन्या फोनोग्राफच्या मेळ्यांत फार स्पष्ट दिसते.

या विषयाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो मुंबईच्या मटण स्ट्रीटपासून मोरादाबादच्या पितळ कारागिरांपर्यंत पोहोचतो. पण त्याआधी हा बाजार कसा चालतो ते पाहू.

फोनोग्राफ आणि ग्रामोफोन हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. मुळात एडिसनने १८७७ मध्ये जे यंत्र केले त्यात आवाज नळकांड्यावर उतरत असे. त्याला फोनोग्राफ म्हणत. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीचे पेटंट घेतले, तो ग्रामोफोन. इंग्रजांकडून आपल्याकडे दुसरा शब्द आला. अमेरिकन लोक मात्र दोन्हींना सरसकट फोनोग्राफच म्हणतात.

अशा यंत्रांचे शौकीन पुष्कळ वर्षांपासून संघटित आहेत. लंडनची फोनोग्राफ-ग्रामोफोन सोसायटी तर १९१९ सालची आहे, म्हणजे ही यंत्रे दुकानात नवी मिळत होती तेव्हापासूनची. अमेरिकेत या शौकाचे जे मेळे भरतात त्यांत इलिनॉय राज्यातील युनियन नावाच्या लहानशा गावाचे नाव संग्राहकांच्या तोंडी सर्वांत जास्त असते. तिथे वर्षानुवर्षे जून महिन्यात हा बाजार भरत आला. न्यू जर्सीतील वेन येथेही असा मेळा भरत असे. मेळ्याची रीत आपल्या आठवडी बाजारासारखीच. एक मोठा हॉल किंवा मैदान, त्यात भाड्याने मिळणारी टेबले. विक्रेते शेकडो मैलांवरून गाड्या भरून येतात. यंत्रे, कर्णे, तबकड्या, सुयांच्या छोट्या डब्या, स्प्रिंगा, मोडके साउंड बॉक्स, जुन्या जाहिराती, सगळे मांडले जाते. आणि कोणत्याही जुन्या मालाच्या बाजारात घडते तेच इथेही घडते: दरवाजा लोकांसाठी उघडण्यापूर्वीच दुकानदार एकमेकांच्या टेबलांवर फिरतात आणि चांगल्या मालाचे सौदे तिथेच होऊन जातात. म्हणून पुष्कळ ठिकाणी लवकर आत शिरू इच्छिणाऱ्या गिऱ्हाइकाकडून जादा प्रवेशमूल्य घेतले जाते, आणि तो ते आनंदाने देतो.

आता मंदी आली असे समजा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की गिऱ्हाईक कमी झाले, म्हणून मेळा बसला. माझ्या समजुतीप्रमाणे क्रम उलटा आहे. आधी टेबल उठते, मग गिऱ्हाईक उठते.

हिशोब करून पाहा. आकडे केवळ समजुतीसाठी घेतो. एका मध्यम विक्रेत्याचा टेबलाचे भाडे, पेट्रोल, दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवणखाण मिळून ६०० डॉलर खर्च झाला. त्याच्याकडे साधी यंत्रे आहेत. प्रत्येकात शंभर डॉलर सुटतात. म्हणजे सहा यंत्रे विकली तेव्हा तो फक्त घरी परतला; नफा सातव्या यंत्रापासून. तेजीत तो दहा विकत होता. मंदीत चार विकतो आणि सहा परत गाडीत चढवतो. त्याच्या शेजारचा मोठा व्यापारी एकच दुर्मिळ यंत्र विकून तीन हजार कमावतो आणि दुपारी टेबल आवरतो. त्याला मंदी जाणवते, पण उठवत नाही. मध्यम माणूस एक वर्ष तोटा सोसतो, दुसऱ्या वर्षी पत्नीचे ऐकतो आणि तिसऱ्या वर्षी येत नाही. त्याच्यासारखे वीस जण आले नाहीत की हॉलमध्ये दोन रांगा रिकाम्या पडतात. मग चारशे मैल गाडी हाकून येणारा गिऱ्हाईक म्हणतो, आता तिथे पाहण्यासारखे काय उरले? आणि तोही येईनासा होतो.

आपल्या कापडबाजारात हे वेगळे नाही. मोठी पेढी मंदीत उधारी वाढवून टिकते, फेरीवाला रोजच्या कमाईवर रोजचा माल आणतो, आणि मधला दुकानदार भाडे, नोकर व अंगावर पडलेला माल यांत चिरडला जातो. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा भिवंडी आणि मालेगावचे माग थांबलेले आपण सर्वांनी पाहिले. ज्यांचा व्यवहार रोखीचा आणि भांडवल बेताचे, त्यांची साखळी आधी तुटली.

अमेरिकेतील मेळ्यांना हा अनुभव २००८ साली जोरात आला. त्या वर्षी जुलैमध्ये तिथे पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला चार डॉलरच्या वर गेला. कपाटाएवढी यंत्रे वाहून नेणाऱ्या गाडीला हा भाव किती जड जातो हे ट्रान्सपोर्टवाल्याला सांगायला नको. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात तिथला शेअर निर्देशांक अर्ध्याहून अधिक कोसळला, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी दहा टक्क्यांवर गेली. आता हे लक्षात घ्या की जुन्या फोनोग्राफचा शौकीन बहुधा साठीच्या पुढचा असतो. त्याच्या म्हातारपणाची पुंजी शेअर आणि घर या दोन ठिकाणी असते. दोन्हींची किंमत एकाच वेळी उतरली. त्याचा पगार गेला नव्हता, कारण पगार होताच कुठे? पण आपण गरीब झालो असे त्याला वाटू लागले, आणि शौकाच्या बाजारात माणूस खिशापेक्षा मनाने खर्च करतो.

याच वेळी दुसरी गोष्ट घडली, ती अधिक महत्त्वाची. गिऱ्हाईक घटत असताना माल मात्र वाढला. मोठी घरे विकून लोक लहान घरांत गेले. कोणाची नोकरी गेली, कोणाचे कर्ज थकले. बैठकीच्या कोपऱ्यात उभी असलेली आजोबांची व्हिक्ट्रोला बाहेर निघाली. धान्य महाग झाले की शेतकरी जास्त पेरतो. जुन्या मालाचे तसे नसते. तो कोणी पिकवत नाही, तो फक्त गरजेपोटी घराबाहेर पडतो. म्हणून घेणारे कमी होतात नेमके तेव्हाच विकणारे वाढतात. जुन्या दागिन्यांचा आणि जुन्या फर्निचरचा व्यवहार करणाऱ्यांना हे नवीन नाही.

भाव मात्र सगळ्या मालाचे सारखे पडले नाहीत. एडिसनचे ‘स्टँडर्ड’ हे यंत्र १८९८ मध्ये २० डॉलरला निघाले होते आणि ते अमाप खपले. व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्ये कर्णा पेटीच्या आत लपवून ‘व्हिक्ट्रोला’ काढली. तिची पहिली किंमत २०० डॉलर होती, आणि पुढे पंधरा डॉलरपर्यंतचे स्वस्त नमुनेही आले. यातले जमिनीवर उभे राहणारे मध्यम नमुने लाखोंच्या संख्येने बनले. आज तोच माल विकायला सर्वांत जड आहे. तिथल्या बाजारात चालू स्थितीतील अशी साधी व्हिक्ट्रोला कित्येकदा दोन-तीनशे डॉलरच्या आत मागितली जाते आणि तरी तिला घेणारा सापडत नाही. उलट व्हिक्टरचे महोगनी कर्ण्याचे मोठे ‘सहा नंबर’ यंत्र, किंवा बर्लिनरच्या सुरुवातीच्या काळातील यंत्रे यांचा भाव मंदीत थोडा हलला, पण मोडला नाही. त्यांचे घेणारे मुळातच थोडे आणि सधन असतात. अशी वस्तू तेजीत बाजारात दिसतच नाही. मालक ती सोडत नाही. मंदीत त्याला पैसा लागतो, आणि ज्याला खरोखर पैसा मिळेल तीच वस्तू त्याला काढावी लागते. त्यामुळे रोख बाळगून असलेल्याला मंदीच्याच वर्षी मेळ्यात चांगला माल पाहायला मिळतो.

साधा माल २००९ नंतर पुन्हा वर का आला नाही, हा प्रश्न उरतो. अर्थव्यवस्था तर सावरली होती. माझे मत असे की मंदीने तो माल मारला नाही. जे दहा वर्षांत होणार होते ते तिने दोन वर्षांत उरकले. ज्यांनी आजोबांच्या घरी ही यंत्रे ऐकली होती ती पिढी सरत चालली आहे. १९९५ मध्ये ‘ईबे’ हा संगणकावरचा लिलाव सुरू झाल्यापासून लहान विक्रेत्याला टेबलाच्या भाड्याशिवाय गिऱ्हाईक मिळू लागले होते. मंदीत खर्च वाचवण्यासाठी तो तिकडे वळला आणि परतला नाही. सुयांच्या डब्या, साउंड बॉक्स, चाव्या, हे हलके सामान टपालाने जाऊ लागले. मेळ्यात उरली ती अवजड कपाटे, कारण ती टपालाने जात नाहीत. आणि भाव कोसळला होता तो नेमका कपाटांचाच. म्हणजे मेळ्याचा जो खास माल, तोच बिनभावाचा ठरला. लंडनमध्येही चित्र फारसे निराळे नव्हते. क्रिस्टीज या लिलाव कंपनीची साउथ केन्सिंग्टनची शाखा, जिथे कधीकाळी अशा यांत्रिक वाद्यांचे खास लिलाव होत, ती जुलै २०१७ मध्ये बंद झाली. अर्थात त्याला कारणे अनेक असतील, पण मध्यम किमतीच्या मालाची विक्री हेच त्या शाखेचे काम होते हे विसरता येत नाही.

पहिली मोठी मंदी

गंमत अशी की ही यंत्रे दुर्मिळ झाली तीच मुळी एका मंदीमुळे. १९२७ साली अमेरिकेत सुमारे १० कोटी ४० लाख तबकड्या विकल्या गेल्या होत्या. १९३२ साली हा आकडा ६० लाखांवर आला. शंभरातले सहा उरले. रेडिओ आधीच घराघरांत शिरत होता आणि त्यावर गाणे फुकट होते. वरून १९२९ चा तडाखा बसला. एडिसनच्या कंपनीने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, बाजार कोसळला त्याच महिन्यात, घरगुती फोनोग्राफ आणि रेकॉर्डचा धंदा बंद केला. ज्याने हे यंत्र शोधले त्याच्याच नावाच्या पेढीने त्यातून हात काढून घेतला. व्हिक्टर कंपनी १९२९ मध्ये रेडिओवाल्या आरसीएने घेतली. इंग्लंडमध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी १९३१ मध्ये एकत्र येऊन ईएमआय बनल्या. तेजीत ज्यांचे एकमेकांशी बोलणे नव्हते त्यांना मंदीने एका गादीवर बसवले.

पण त्या काळात जे उभे राहिले तेही पाहण्यासारखे आहे. आरसीएने रेडिओला जोडून वाजणारी एक लहानशी पेटी काढली. किंमत साडेसोळा डॉलर. तिला स्वतःचा भोंगा नव्हता, कपाट नव्हते. लोकांच्या घरात रेडिओ होताच, त्याचाच आवाज वापरला. १९३४ मध्ये अमेरिकेत डेक्का कंपनी निघाली आणि तिने पंचाहत्तर सेंटच्या बाजारात नामांकित गायकांच्या तबकड्या पस्तीस सेंटला आणल्या. माल हलका केला नाही, भाव हलका केला. एचएमव्हीचे सुटकेससारखे बंद होणारे १०२ नंबरचे यंत्रही १९३१ चेच, म्हणजे ऐन मंदीतले. ते १९५० च्या दशकाच्या अखेरपर्यंत बनत राहिले. आपल्याकडे लग्नघरांत आणि हॉटेलांत जी पेटी वाजत असे ती बहुधा याच घराण्यातली.

जुनी कर्ण्याची यंत्रे मात्र माळ्यावर गेली. दुसऱ्या महायुद्धात पितळ, लोखंड गोळा करण्याच्या मोहिमांत कित्येक कर्णे वितळले. ज्या वस्तूला १९३५ साली कोणी विचारत नव्हते तीच पुढे शौकिनांनी शोधून काढली. हा धंदा पहिल्यापासून असा मंदीच्या उकिरड्यावरच उगवलेला आहे.

आपल्या कारागिरांचा हिस्सा

आता आपल्याकडे वळतो. या यंत्रांशी आपल्या मुलखाचे नाते तबकडीपासूनच आहे. जुनी तबकडी लाखेच्या शेलॅकपासून बनत असे, आणि लाख जात होती ती इथल्या जंगलांतून. जुन्या साउंड बॉक्समधील पापुद्रा अभ्रकाचा असे, आणि उत्तम अभ्रक कोडरमाच्या खाणींचे. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला येऊन गौहर जान यांचे गाणे मुद्रित करून गेला, आणि १९०८ मध्ये कंपनीने तिथेच तबकड्यांचा कारखाना घातला.

मुंबईत या जुन्या मालाची पेठ म्हणजे भेंडी बाजाराजवळचा मटण स्ट्रीट, लोकांच्या भाषेत चोर बाजार. शुक्रवारी तिथली दुकाने बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुना बाजार भरतो, हे मुंबईकरांना माहीत आहे. तिथल्या दुकानांत टांगलेले पितळी कर्णे परदेशी पाहुण्यांच्या फोटोत हमखास येतात. एक काळ असा होता की त्यांतले पुष्कळ खरे होते. जुन्या हवेल्या, पारशी बंगले, संस्थानिकांचे वाडे रिकामे होत होते आणि माल निघत होता.

खरा माल संपत आला आणि मागणी राहिली तेव्हा नवा ‘जुना’ माल तयार होऊ लागला. मोरादाबादसारख्या ठिकाणी पितळी कर्णा घडवणारे हात होतेच. मोडीत निघालेल्या सुटकेस-ग्रामोफोनमधून स्प्रिंगचे मशीन आणि साउंड बॉक्स काढायचा, नवी चौकोनी किंवा षट्‌कोनी लाकडी पेटी करायची, वर चकाकता पितळी कर्णा बसवायचा आणि कुत्र्याच्या चित्राचा बिल्ला ठोकायचा. असा माल हजारोंनी जगभर गेला. अमेरिकेतील संग्राहकांनी त्याला ‘क्रॅपोफोन’ असे नाव ठेवले आहे, म्हणजे कचरा-ग्रामोफोन. ऐकायला वाईट वाटते, कारण त्या कर्ण्यावर कोणा कारागिराने दिवसभर हातोडी चालवलेली असते.

जाणकाराला तो माल दहा पावलांवरून कळतो. खऱ्या काळातील फुलासारखे कर्णे बहुतेक पत्र्याचे आणि रंगवलेले असत. पितळ असले तर पुष्कळदा फक्त तोंडाशी. पाकळ्यापाकळ्यांचा सगळाच्या सगळा चकचकीत पितळी कर्णा दिसला की शंका घ्यावी. कर्ण्याला आधार देणारा मागचा वाकलेला नळ जाड आणि बेढब असतो. पेटीच्या लाकडाचे सांधे नवे आणि घाईचे असतात. आवाज वाहून नेणारा हात त्या पेटीचा नसून सुटकेसचा असतो, म्हणून त्याचे माप चुकते. आणि अमेरिकेत विकायला आलेल्या यंत्रावर एचएमव्हीचा बिल्ला असेल तर दुहेरी शंका, कारण तिथे कुत्र्याचे ते चित्र व्हिक्टर कंपनीचे होते.

नवा माल करणे हा गुन्हा नाही. शोभेची वस्तू म्हणून, नवी म्हणून, कारागिराच्या नावाने विकली तर ती चांगल्या कमाईची हस्तकला आहे. बिघडते ते मंदीत. विक्री अडली की मधला दलाल ‘नवा’ हा शब्द गाळतो आणि शंभर वर्षांची कहाणी जोडतो. नवखा गिऱ्हाईक फसतो, दोन वर्षांनी एखाद्या मेळ्यात तो कर्णा घेऊन जातो आणि तिथे लोक हसतात. तो माणूस परत कधीही जुना फोनोग्राफ घेत नाही, खराही नाही. मेळ्याला नवा गिऱ्हाईक मिळण्याचा एकुलता एक रस्ता हा नवखा माणूस असतो, आणि तोच रस्ता बंद होतो. पुष्कळ मेळ्यांत म्हणूनच असा माल टेबलावर मांडू देत नाहीत. त्याचा एक परिणाम असा की मटण स्ट्रीटवरून खरे यंत्र गेले तरी आता ‘भारतातून आले’ एवढ्यावरच त्याचा भाव पाडला जातो. ज्याने लपवाछपवी केली त्याने आपला नफा केव्हाच काढला. नुकसान पुढच्या प्रामाणिक दुकानदाराच्या खात्यावर जमा होत राहिले.

या सगळ्यात मंदी ज्याला फारशी शिवत नाही असा एक माणूस आहे: दुरुस्ती करणारा. नवे यंत्र घेण्याची ऐपत नसली की शौकीन घरात आहे तेच वाजते करून घेतो. स्प्रिंग तुटते, तिच्यातले जुने ग्रीस दगडासारखे होते. साउंड बॉक्समधील रबरी कडी कडक होते आणि आवाज फाटतो. जस्ताच्या हलक्या मिश्रधातूचे भाग वर्षांनुवर्षांत फुगून तडकतात. ते नवे ओतावे लागतात. या कामात लेथवाला, ओतारी, सुतार, पॉलिशवाला सगळ्यांना जागा आहे. माझा स्वतःचा या धंद्याशी संबंध आला तो कापडामुळेच. १९२० नंतरच्या बऱ्याच कपाटवजा यंत्रांत जाळीच्या मागे एक विरळ विणीचे कापड असते, आणि तबकडी ठेवण्याच्या चकतीवर मखमलीसारखे किंवा फेल्टचे आवरण असते. दोन्ही कसरीने खाल्लेले मिळते. मटण स्ट्रीटच्या एका दुरुस्तीवाल्याने माझ्याकडे हे कापड मागितले तेव्हा मला आधी हसू आले, अर्धा मीटर कापडासाठी कोण गाठ फोडणार! पण आवाज न अडवणारी वीण, जुन्या नमुन्याला जुळणारा रंग आणि पाण्यात न आटणारे सूत, हे तिन्ही साधायला मला तीन महिने लागले. थान संपले ते मात्र तेजीत नव्हे, २०२० च्या टाळेबंदीनंतरच्या वर्षात. बाजार बंद होता, मेळे रद्द झाले होते, आणि घरात बसलेल्या शौकिनांनी माळ्यावरची यंत्रे खाली काढली होती.

टाळेबंदी उठल्यावर मेळ्यांपुढे पुन्हा तोच हिशोब आला. जून २०२२ मध्ये अमेरिकेत पेट्रोल सरासरी पाच डॉलर गॅलनवर पोहोचले आणि महागाई ९.१ टक्क्यांवर. टेबलवाल्याचा ६०० डॉलरचा हिशोब हजाराकडे सरकला, आणि साध्या व्हिक्ट्रोलात सुटणारे शंभर डॉलर मात्र वाढले नाहीत. आपल्या बाजूने ऑगस्ट २०२५ चा धक्का होता. त्या महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले आणि मोरादाबादच्या हस्तकला निर्यातीला त्याचा जबर फटका बसला. ऑर्डरी थांबल्या, कारागिरांचे काम गेले. सणासुदीच्या आधीच्या त्या महिन्यांत गेलेला हंगाम परत येत नाही, हे निर्यात करणारा प्रत्येक जण जाणतो.

शेवटी या मालात हात घालू पाहणाऱ्यांसाठी कायद्याची एक गोष्ट, कारण ती पुष्कळांना माहीत नसते. १९७२ चा पुरावस्तू व कला-ठेवा कायदा शंभर वर्षे जुन्या वस्तूंना लागू होतो आणि त्यातील पुरावस्तूची व्याख्या बरीच विस्तृत आहे. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पूर्वी १९२५ चे यंत्र या व्याख्येबाहेर होते. आता त्याचीही शंभरी भरली आहे. दर वर्षी आणखी एका वर्षाचा माल या रेषेच्या आत येतो. वस्तू पुरावस्तू आहे की नाही याचा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे असतो, आणि नसल्यास तसा दाखला तिथून मिळतो. नव्या बनवलेल्या ग्रामोफोनच्या बाबतीतही, तो जुन्यासारखा दिसत असेल तर, कस्टममध्ये माल अडकून पडण्यापेक्षा हा दाखला आधी काढलेला बरा. बिलावर ‘नवीन हस्तकला’ असे स्पष्ट लिहिलेले असले की तो दाखला मागतानाही सोपे जाते आणि समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला आपण काय घेतो आहोत तेही कळते.